गेममधला चेंडू खऱ्यासारखा का उसळतो? 'फिजिक्स इंजिन' नेमकं काय काम करतं?

शत्रूला गोळी लागते. तो जिन्यावरून गडगडत खाली येतो, शेवटच्या पायरीवर आपटतो आणि मग त्याचा एक पाय भिंतीत घुसून नुसता थरथरत राहतो. गेम खेळणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवीन नाही. यूट्यूबवर अशा फजितीच्या क्लिप्सचा खच पडलेला आहे.

पण जरा थांबून विचार करा. तो माणूस ज्या पद्धतीने गडगडला, ते कुठल्या ॲनिमेटरने आधी काढून ठेवलेलं नव्हतं. गोळी कुठे लागली, पायऱ्या किती उंच होत्या, हात कशाला अडकला यावरून गेमने ते त्याच क्षणी गणित करून ठरवलं. दुसऱ्यांदा तोच शत्रू त्याच जिन्यावरून पडला तरी वेगळ्या पद्धतीने पडेल. आणि पाय भिंतीत घुसला तोही त्याच गणितामुळे.

हे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरला 'फिजिक्स इंजिन' म्हणतात. हॅवॉक, फिजएक्स, बुलेट, बॉक्स-टूडी, जोल्ट ही त्यातली गाजलेली नावं. नावात फिजिक्स असलं तरी निसर्गाची हुबेहूब नक्कल करणं हे त्याचं पहिलं काम नाही. पहिलं काम आहे वेळेत उत्तर देणं. उत्तर थोडं चुकीचं असलं तरी चालेल, पण उशिरा आलेलं चालत नाही. गेममधल्या बहुतेक विचित्र गोष्टींचं मूळ याच एका अटीत सापडतं.

हातात वेळ किती असतो?

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्रासाठी मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र रंगवायचं, आवाज वाजवायचा, शत्रूंनी काय करायचं ते ठरवायचं, इंटरनेटवरून आलेली माहिती वाचायची. यातून उरलेले दोन-चार मिलिसेकंद फिजिक्सच्या वाट्याला येतात. मोबाइलवर तर बॅटरी आणि फोन तापण्याचाही विचार करावा लागतो.

याउलट कार कंपन्यांचे इंजिनिअर गाडीच्या धडकेचं सिम्युलेशन करतात, तेव्हा सेकंदाच्या एका छोट्याशा भागात घडणाऱ्या धडकेचं गणित करायला मोठ्या कॉम्प्युटरलाही कित्येक तास लागतात. तिथे पत्रा कुठे दुमडतो याला महत्त्व असतं, कारण आत माणूस बसणार असतो. गेममध्ये गाडी आदळल्यावर ती आदळल्यासारखी वाटली की झालं. दोन्हीकडे नियम न्यूटनचेच, हिशोबाची घाई मात्र वेगळी.

न्यूटनचे नियम, पण तुकड्या-तुकड्यांनी

खऱ्या जगात वेळ सलग वाहतो. कॉम्प्युटरला तसं जमत नाही. तो वेळेचे छोटे तुकडे पाडतो, समजा सेकंदाचा साठावा भाग, आणि प्रत्येक तुकड्यात तीच कामं पुन्हा करतो: वस्तूवर कोणते बल आहेत ते बघतो, त्यावरून वेग बदलतो, वेगावरून जागा बदलतो. मग कोण कोणाला धडकलं ते शोधतो आणि धडकलेल्यांना एकमेकांपासून वेगळं करतो.

हातातून सुटलेल्या चेंडूचा खाली येण्याचा वेग दर तुकड्याला सेकंदाला सुमारे १६ सेंटीमीटरने वाढतो. ९.८ ला ६० ने भागलं की एवढंच येतं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचं यात अजून काही नाही.

गडबड होते ती या तुकड्यांमुळे. जुन्या जागेवरून नवी जागा आणि जुन्या वेगावरून नवा वेग काढण्याची सगळ्यात सरळ पद्धत ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. ही पद्धत स्प्रिंगला लावली तर स्प्रिंगची हालचाल हळूहळू कमी होण्याऐवजी वाढत जाते. प्रत्येक तुकड्यात शून्यातून थोडी ऊर्जा तयार होते आणि काही वेळाने वस्तू स्क्रीनबाहेर फेकली जाते. गेम बनवणारे याला सरळ 'स्फोट झाला' असंच म्हणतात.

यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचल्यावर विश्वास बसत नाही. आधी वेग बदलायचा आणि मग त्या *नव्या* वेगाने जागा बदलायची. प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल. वेळ तेवढाच लागतो, पण स्प्रिंग शहाण्यासारखी वागते. आजही बहुतेक गेम फिजिक्स इंजिनं याच पद्धतीवर किंवा तिच्या जवळच्या भावंडांवर चालतात.

बॅटमधून आरपार जाणारा चेंडू

तुकड्यांची दुसरी अडचण क्रिकेटने नीट समजते. 'रिअल क्रिकेट' ही मोबाइल गेम बनवणारी नॉटिलस मोबाइल ही कंपनी आपल्या पुण्याचीच. पण गेम कोणाचाही असो, वेगवान गोलंदाजी दाखवायची तर हा प्रश्न येणारच.

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या साठाव्या भागात ६५ सेंटीमीटर पुढे जातो. बॅटची जास्तीत जास्त जाडी नियमानुसार ६.७ सेंटीमीटर. चेंडूचा व्यास सात सेंटीमीटरच्या थोडा वर. म्हणजे या तुकड्याला चेंडू बॅटच्या पुढे आहे आणि पुढच्या तुकड्याला थेट बॅटच्या मागे, स्टंपच्या दिशेने. मधल्या काळात इंजिनचे डोळे मिटलेले होते. हिशोब केला तर पाचपैकी साधारण चार चेंडू बॅटला स्पर्शही न करता आरपार जातील. फलंदाजाने कितीही अचूक टायमिंग साधलं तरी.

या प्रकाराला 'टनेलिंग' म्हणतात, म्हणजे बोगदा पडणं. उपाय दोन. एक, वेळेचे तुकडे आणखी बारीक करायचे. पण मग काम तेवढ्याच पटीने वाढतं. दुसरा उपाय म्हणजे फक्त वेगवान वस्तूंसाठी चेंडू आत्ता कुठे आहे एवढंच न बघता त्याने मधे कुठला रस्ता कापला ते तपासायचं. बॉक्स-टूडीमध्ये अशा वस्तूवर प्रोग्रामरने 'बुलेट' अशी खूण करायची असते. सगळ्याच वस्तूंवर ती खूण केली तर गेम रखडतो, म्हणून कुठे करायची हे माणसाने ठरवायचं. एखाद्या गेममध्ये गाडी जोरात आदळल्यावर भिंतीपलीकडे निघाली तर बहुधा तिथे अशीच कुठेतरी काटकसर झालेली असते.

कोण कोणाला धडकलं?

खोलीत १,००० वस्तू असतील तर धडक होऊ शकणाऱ्या जोड्या होतात ४,९९,५००. सेकंदाला ६० वेळा त्या सगळ्या तपासायच्या म्हटलं तर जवळपास ३ कोटी तपासण्या. त्यामुळे इंजिन आधी ढोबळ चाळण लावतं. प्रत्येक वस्तूभोवती एक काल्पनिक खोका कल्पायचा आणि ज्यांचे खोके एकमेकांना शिवत नाहीत त्या जोड्या सोडून द्यायच्या. उरलेल्या मोजक्या जोड्यांचीच बारीक तपासणी होते.

या बारीक तपासणीत सर्रास वापरली जाणारी एक पद्धत 'जीजेके' नावाने ओळखली जाते. गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांची ही आद्याक्षरं. यातले साथिया कीर्ती पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. १९८८ साली आलेला त्यांचा हा शोधनिबंध गेमसाठी नव्हताच. तो रोबोटिक्सच्या नियतकालिकात छापून आला होता. दोन वस्तूंमधलं अंतर झटपट कसं काढायचं, हा तेव्हाही रोबोटवाल्यांचा प्रश्न होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा रोबोटकडे जायचं आहे.

आणखी एक. तुम्हाला दिसणारा खेळाडू आणि इंजिनला दिसणारा खेळाडू हे दोघे वेगळे असतात. तुम्हाला चेहरा, केस, जॅकेटच्या घड्या दिसतात. इंजिनला दिसते औषधाच्या कॅप्सूलसारखी एक आकृती, किंवा फार तर हातापायांना एकेक अशा दहा-पंधरा कॅप्सूल. पडलेल्या पात्राचे केस जमिनीत घुसलेले दिसतात, कारण इंजिनच्या लेखी त्याला केसच नसतात.

कॅरमचा ब्रेक आणि थरथरणारा पाय

धडक सापडली, आता ती सोडवायची. दोन वस्तू असतील तर सोपं. पण कॅरमचा ब्रेक आठवा. १९ सोंगट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या आहेत आणि स्ट्रायकर येऊन आदळतो. धक्का पहिल्या सोंगटीकडून दुसरीकडे, तिसरीकडे, आणि उलट परतही येतो. खऱ्या जगात हे सगळं एकाच वेळी होतं. इंजिनला ते एकेक जोडी घेऊन करावं लागतं. पहिल्या जोडीचा हिशोब जुळवला की दुसरीचा बिघडतो, दुसरीचा नीट केला की पहिलीचा थोडा हलतो.

म्हणून इंजिन सगळ्या जोड्यांवरून पुन्हा पुन्हा फिरतं. प्रत्येक फेरीत उत्तर खऱ्याच्या थोडं जवळ जातं. किती फेऱ्या मारायच्या? 'युनिटी' या लोकप्रिय गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदललं नाही तर ६. सहा फेऱ्यांत जे उत्तर येईल ते बरोबर समजायचं आणि पुढे जायचं. कॅरमला याने फारसं बिघडत नाही, कारण ब्रेकनंतर सोंगटी कुठे जायला हवी होती हे कोणालाच आधी सांगता येत नाही.

एकावर एक ठेवलेल्या खोक्यांचं मात्र बिघडतं. दहीहंडीच्या थरांसारखंच आहे. वरच्या सगळ्यांचा भार सगळ्यात खालच्यापर्यंत पोचायला हवा. फेऱ्या कमी पडल्या तर खालच्या खोक्याला वर नऊ खोकी आहेत याचा पत्ताच लागत नाही, मग तो वरच्यात थोडा घुसतो, ढीग डुलतो आणि कोसळतो. त्यामुळे कुठलंही नवीन फिजिक्स इंजिन आलं की लोक आधी खोक्यांचा ढीग रचून बघतात.

इथे दोन युक्त्या मदतीला येतात. पहिली: मागच्या तुकड्यात आलेलं उत्तर जपून ठेवायचं आणि या वेळी शून्यापासून सुरू न करता तिथून पुढे जायचं. खोकी जागेवरच असतील तर उत्तर फारसं बदललेलं नसतं. दुसरी युक्ती आणखी आळशी. काही क्षण वस्तू हलली नाही तर इंजिन तिला झोपवून टाकतं. कोणी धक्का देईपर्यंत तिचं गणित बंद. एखाद्या गेममध्ये खालचा आधार काढल्यावरही वस्तू हवेत तरंगत राहिलेली दिसली, तर ती बहुधा झोपलेली असते. तिला कोणी उठवलेलंच नसतं.

आता सुरुवातीच्या त्या पायाकडे. पाय भिंतीत गेला. इंजिनचा एक नियम सांगतो, पायाला भिंतीबाहेर ढकल. दुसरा नियम सांगतो, पाय गुडघ्याला जोडलेला राहू दे. तिसरा म्हणतो, गुडघा उलटा वळता कामा नये. तिन्ही एकाच वेळी पाळता येतील अशी जागाच नाही. मग दर तुकड्याला एक नियम जिंकतो आणि बाकीचे रुसतात, सेकंदाला ६० वेळा. आपल्याला ते थरथरणं म्हणून दिसतं.

डायनासोरच्या बेटावरचं अपयश

हे सगळं आज गृहीत धरलं जातं, पण सुरुवात चांगलीच खडतर होती. १९९८ साली ड्रीमवर्क्स इंटरॅक्टिव्हने 'ज्युरासिक पार्क' मालिकेवरचा 'ट्रेसपासर' नावाचा गेम आणला. त्याचं नेतृत्व करणारे सीमस ब्लॅकली हे मुळात भौतिकशास्त्राचे. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये त्यांनी काम केलं होतं आणि १९९५ च्या 'फ्लाइट अनलिमिटेड' या विमानाच्या गेमसाठी हवेच्या प्रवाहाचं गणित मांडलं होतं.

ट्रेसपासरमध्ये त्यांचा बेत मोठा होता. जवळपास प्रत्येक वस्तू उचलता, फेकता, ढकलता आली पाहिजे. डायनासोरच्या चालीही आधी काढून न ठेवता त्याच क्षणी गणिताने ठरल्या पाहिजेत. प्रत्यक्षात काय झालं? डायनासोर झिंगल्यासारखे चालायचे. नायिकेचा हात माउसने हलवावा लागायचा आणि तो भलत्याच दिशेला वळायचा. पेटीवर पेटी ठेवायला जावं तर ती घसरायची. त्या काळातले कॉम्प्युटर एवढ्या कामाने धापा टाकायचे. समीक्षकांनी गेमला झोडपून काढलं. ब्लॅकली तिथून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 'एक्सबॉक्स'च्या जनकांपैकी एक ठरले.

माझ्या मते हा गेम त्याच्या काळातला सगळ्यात महत्त्वाचा फसलेला गेम आहे. त्यानंतर आलेल्यांनी त्याच्याकडून एक गोष्ट घेतली: सगळं खरं करायला जाऊ नका, दिसतं तेवढंच करा.

डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह कंपनीने २००० साली 'हिटमॅन' आणला, तो याचा नमुना. मेलेलं शरीर ओढत नेऊन लपवणं हा त्या गेमचा भागच होता. ते शरीर चिंधीच्या बाहुलीसारखं लोंबकळायला हवं, म्हणून अशा शरीराला इंग्रजीत 'रॅगडॉल' म्हणतात. प्रोग्रामर थॉमस याकोबसेन यांनी शरीराचं पूर्ण गणित केलंच नाही. त्यांनी शरीर म्हणजे काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या असं धरलं. ठिपक्याचा वेगही वेगळा साठवला नाही. आत्ताची जागा आणि मागची जागा यातला फरक म्हणजेच वेग. काडी ताणली गेली तर दोन्ही ठिपके थोडे आत ओढायचे, आखडली तर बाहेर ढकलायचे, बस. ही पद्धत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी १९६७ साली रेणूंच्या हालचालींसाठी वापरली होती. रेणूंचं गणित प्रेतांना लागू पडलं. याकोबसेन यांनी २००१ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ही युक्ती सगळ्यांना सांगून टाकली आणि त्यांचा तो निबंध आजही गेम प्रोग्रामिंग शिकणारे वाचतात.

मग धंदा सुरू झाला

१९९८ मध्येच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या ह्यू रेनॉल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स यांनी हॅवॉक कंपनी काढली होती. प्रत्येक गेम कंपनीने स्वतःचं गणित लिहिण्यापेक्षा आमचं तयार इंजिन विकत घ्या, असा त्यांचा प्रस्ताव. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ २'ने या इंजिनची ताकद जगाला दाखवली. त्यात एक सी-सॉ होता. त्याच्या एका बाजूला विटा रचल्या की दुसरी बाजू वर उचलली जायची आणि तिच्यावरून चढून पुढे जाता यायचं. कोणी सूचना देत नाही, फक्त विटा तिथे पडलेल्या असतात. वजनाचा नियम घरातून शिकून आलेल्या माणसाला कोडं सुटतं. गेममधलं फिजिक्स शोभेपुरतं न राहता खेळाचाच भाग झालं ते असं.

पुढे इंटेलने २००७ मध्ये हॅवॉक विकत घेतली, २०१५ मध्ये ती मायक्रोसॉफ्टकडे गेली. प्रतिस्पर्धी एजिया कंपनीने २००६ मध्ये फक्त फिजिक्ससाठी वेगळं कार्ड बाजारात आणलं. ते फारसं चाललं नाही, पण एनव्हिडियाने २००८ मध्ये कंपनीच घेतली आणि तिचं फिजएक्स इंजिन आपल्या ग्राफिक्स कार्डांना जोडलं.

दुसरीकडे काही जण हेच काम फुकट वाटत होते. एरिन कॅटो यांचं बॉक्स-टूडी त्यातलंच. डिसेंबर २००९ मध्ये आलेला 'अँग्री बर्ड्स' आठवतो? गलोलीतून सुटणारा पक्षी, कोसळणारे लाकडी ओंडके, चिरडली जाणारी डुकरं, हे सगळं बॉक्स-टूडीवर चाललं होतं. गेमने अमाप पैसा कमावला. परवान्यात श्रेय देण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे कॅटो यांचं नाव खेळणाऱ्यांपर्यंत पोचलंच नाही. २०११ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये रोव्हिओ कंपनीचे पीटर वेस्टरबाका बोलत असताना श्रोत्यांमधून एकाने विचारलं, तुम्ही कोणतं फिजिक्स इंजिन वापरलं? उत्तर आलं, बॉक्स-टूडी. मग त्याने विचारलं, गेममध्ये त्याचं श्रेय द्याल का? आणि सांगितलं, मीच एरिन कॅटो.

महागडा कॉम्प्युटर, उंच उडी?

इथपर्यंतच्या चुका बघून हसता येतं. पण स्पर्धा असली की हसू थांबतं.

१९९९ च्या 'क्वेक ३'मध्ये खेळाडूची हालचाल चित्रांच्या वेगाशी बांधलेली होती आणि वेगाचे आकडे प्रत्येक चित्राला पूर्णांकात बसवले जायचे. या राउंडिंगमुळे सेकंदाला १२५ चित्रं मिळवणाऱ्या खेळाडूची उडी थोडी उंच जायची. म्हणजे ज्याचा कॉम्प्युटर चांगला, त्याला नकाशातल्या अशा जागी पोचता येणार जिथे बाकीच्यांना पोचता येत नाही. गेममधलं गुरुत्वाकर्षण तुमच्या खिशावर अवलंबून! पुढे यासाठी सगळ्यांना सारखा तुकडा लावण्याची वेगळी सेटिंग आली. २०११ चा 'स्कायरिम' सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रांवर चालवला तर टेबलावरची भांडी आपोआप उडायची, तेही अशाच कारणाने.

आज शिस्त अशी की चित्रं कितीही वेगाने येवोत, फिजिक्सचा तुकडा ठराविकच ठेवायचा. गाड्यांनी फुटबॉल खेळायचा 'रॉकेट लीग' हा गेम यासाठी बघण्यासारखा आहे. त्याचं बुलेट इंजिन सेकंदाला १२० वेळा चालतं. तुमच्या कॉम्प्युटरवर चेंडू कुठे जाईल याचा अंदाज आधी बांधला जातो, खरं उत्तर सर्व्हरवरून येतं आणि दोन्हीत फरक पडला तर मागे जाऊन ते क्षण पुन्हा गणले जातात. आणि गंमत म्हणजे एवढं सगळं करूनही गाडीने चेंडूला मारलेला फटका निव्वळ न्यूटनचा नाही. खेळायला मजा यावी म्हणून कंपनीने त्यात वरून एक जादा धक्का घातलेला आहे. तो सगळ्यांना सारखाच मिळतो, म्हणून कोणाची तक्रार नाही.

आकड्यांमधला राक्षस

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या मेक्सिकोत बनलेल्या गेममध्ये स्वतः रॉकेट बांधून अवकाशात जायचं असतं. सुरुवातीच्या काळात खेळाडूंना एक विचित्र अनुभव यायचा. यान व्यवस्थित चाललेलं असताना अचानक हादरायला लागायचं आणि त्याचे तुकडे व्हायचे. खेळाडूंनी या अदृश्य शत्रूला 'क्राकेन' या दंतकथेतल्या समुद्री राक्षसाचं नाव दिलं.

राक्षस होता आकड्यांमध्ये. गेम सहसा जागा नोंदवायला ३२ बिटांचे दशांश आकडे वापरतात. त्यांना साधारण सातच अंक नीट लक्षात राहतात. केंद्रापासून ६०० किलोमीटरवर गेलं की सलग दोन जागांमधलं अंतर होतं ६ सेंटीमीटर, त्याहून बारीक काही मांडताच येत नाही. यानाचा प्रत्येक भाग मग सहा-सहा सेंटीमीटरच्या उड्या मारतो, सांध्यांना वाटतं की आपल्याला कोणी ओढतंय आणि ते तुटतात. उपाय सुंदर होता. यानाला मधोमध स्थिर ठेवायचं आणि बाकीचं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं.

पाणी, धूर, कापड यांची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. एवढंच सांगायला हवं की गेममधला समुद्र बहुतेक वेळा पाणी नसतोच, लाटांसारखा हलणारा पृष्ठभाग असतो. एक बादली भरून बघा, म्हणजे कळेल.

आता हेच सॉफ्टवेअर रोबोटला चालायला शिकवतंय

गेल्या काही वर्षांत फिजिक्स इंजिनांना नवा गिऱ्हाईक मिळाला आहे. रोबोटला चालायला शिकवायचं तर तो हजारो वेळा पडणार. प्रत्यक्षात पडला तर लाखोंचं यंत्र मोडतं. सिम्युलेशनमध्ये पडला तर काहीच बिघडत नाही, आणि एकाच ग्राफिक्स कार्डावर हजारो रोबोट एकाच वेळी पडू शकतात. २०२१ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठ आणि एनव्हिडियाच्या संशोधकांनी फिजएक्सवर चालणाऱ्या सिम्युलेटरमध्ये चार पायांच्या रोबोटला सपाट जमिनीवर चार मिनिटांच्या आत आणि खडबडीत जमिनीवर वीस मिनिटांत चालायला शिकवलं. मग तेच शिक्षण खऱ्या रोबोटमध्ये घातलं. त्याच वर्षी डीपमाइंडने संशोधकांमध्ये लोकप्रिय असलेलं 'मुजोको' इंजिन विकत घेऊन सर्वांना मोफत केलं.

पण गेममध्ये चालून जाणारी थाप इथे महागात पडते. माणूस भिंतीत अडकलेला पाय बघून हसतो आणि पुढे जातो. शिकणारं यंत्र हसत नाही, ते त्याचा फायदा घेतं. ओपनएआयने २०१९ मध्ये मुजोकोच्या आभासी जगात काही पात्रांना लपाछपी खेळायला लावलं होतं. लपणाऱ्यांनी आधी खोक्यांच्या भिंती रचल्या, हे अपेक्षित होतं. नंतर शोधणाऱ्यांना कळलं की खोक्यावर उभं राहून स्वतःला ढकललं तर खोकंही आपल्यासोबत सरकतं, आणि ते खोक्यावर स्वार होऊन भिंतींवरून आत उतरायला लागले. एका टप्प्यावर लपणाऱ्यांनी उताराच्या फळ्या भिंतीतून आरपार ढकलून थेट जगाबाहेर घालवल्या. संशोधकांनी यातलं काहीच शिकवलेलं नव्हतं. इंजिनमधल्या फटी या पात्रांनी आपापल्या शोधल्या.

खरा रोबोट अशी एखादी फट धरून चालायला शिकला तर प्रयोगशाळेतल्या फरशीवर तो पहिल्याच पावलाला आडवा होतो. म्हणून संशोधक मुद्दाम आभासी जग बेभरवशाचं करतात. फरशी कधी निसरडी, कधी खरखरीत. रोबोटचं वजन कधी थोडं जास्त, कधी कमी. कुठल्याही एका खोट्या जगाची सवय लागू द्यायची नाही. ओपनएआयच्या यांत्रिक हाताने २०१९ मध्ये रुबिक क्यूब हाताळून दाखवला, तो अशाच तालमीतून. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडिया, गुगल डीपमाइंड आणि डिस्ने रिसर्च यांनी खास रोबोटसाठीचं नवं इंजिन एकत्र जाहीर केलं. त्याचं नाव 'न्यूटन'.

स्वतः करून बघायचं असेल तर

बॉक्स-टूडी, बुलेट, जोल्ट, फिजएक्स आणि मुजोको या सगळ्यांचा प्रोग्राम आज इंटरनेटवर खुला आहे. थेट गेम बनवून बघायचा तर 'गोडो' पूर्ण मोफत आहे, त्यात २०२५ पासून जोल्ट सोबतच येतं. 'युनिटी'ही शिकणाऱ्यांना फुकट वापरता येतं.

युनिटीत दहा खोक्यांचा ढीग रचा आणि समोर एक पातळ भिंत उभी करा. सेटिंगमध्ये 'फिक्स्ड टाइमस्टेप' ०.०२ असतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. तो ०.१ करा आणि भिंतीवर जोरात चेंडू फेका. मग 'सोल्व्हर इटरेशन्स' ६ वरून १ वर आणा आणि ढिगाकडे बघत बसा.